गोधडी शिवायची आणि गोधड्या बघायलाही जायचं

कोकणच्या किनाऱ्यावर थंडी पहाटेपुरती येते, दमटपणा मात्र बाराही महिने घरात असतो. म्हणून इथली गोधडी पातळ हवी. तीन-चार पदर सुती कापड आणि त्यावर धावदोरा, एवढं पुरतं. पॉलिएस्टरचं जाड भरण घातलेली क्विल्ट फोटोत देखणी दिसते, पण आषाढात एकदा ओली झाली की चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. जुन्या साड्यांची पातळ गोधडी श्रावणातल्या एका चांगल्या उघडिपीत वाळून घरात येते. इंटरनेटवर क्विल्टिंगचे जे धडे मिळतात ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी असतात. त्यांतली मापं घ्या, टाके घ्या, भरण तेवढं सोडून द्या.

या छंदाला दोन अंगं आहेत: स्वतः शिवणं आणि दुसऱ्यांनी शिवलेलं बघणं. दोन्ही चालू ठेवली तरच हात सुधारतो, असं माझं ठाम मत आहे. आपलं वर्षही त्याला सोयीचं आहे. लावणी आटोपली की पावसाळ्यात पडवीत बसून शिवायचं, दिवाळीनंतर प्रदर्शनं बघायची आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, कामांत पापड-मिरच्यांबरोबर गोधड्यांनाही कडक ऊन दाखवायचं.

सुरुवात दुपट्याने

पहिल्याच खेपेला डबल बेडची गोधडी हातात घेऊ नका. बाळाचं दुपटं घ्या, ३६ इंच बाय ३६ इंच. मांडीवर मावतं, रोज तासभर बसलं तर पंधरा-वीस दिवसांत हातावेगळं होतं, आणि घरात नाही तर शेजारी कुठेतरी बाळ असतंच. एका माणसाची ६० बाय ९० इंचांची गोधडी धरली तर तिला दुपट्याच्या चौपटीहून जास्त शिलाई लागते. तो पल्ला दुसऱ्या वर्षी गाठा.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद असते. दुपट्याचं अस्तर आणि मधले दोन पदर मिळून सव्वातीन मीटरच्या आत काम होतं. म्हणजे एका साडीत वरचे चौकोन आणि गोट, म्हणजे कडेची पट्टीही, निघतो. पण वापरलेली साडी मधोमध विरलेली असते, विशेषतः बसण्याच्या जागी. ती उजेडासमोर धरा. पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली तर तो भाग मधल्या पदरात घाला, वर घेऊ नका. साडीचे काठ आणि साडीचा पदर टिकाऊ असतात, ते दिसतील असे ठेवा. पूर्वी बायका विरलेला मधला भाग काढून उरलेल्या दोन तुकड्यांना दंड घालायच्या आणि लुगडं पुन्हा नेसायच्या. असं दंड घातलेलं लुगडं घरात सापडलं तर तो दंड उसवू नका, अस्तरात तसाच राहू द्या.

हल्ली घरात सुती साड्या कमी उरल्या आहेत. धोतर, पंचे, उशांचे जुने अभ्रे, मऊ झालेल्या चादरी, पुरुषांचे सुती सदरे, हे सगळं चालतं. मधल्या पदराला धोतरासारखं कापड नाही. कापड सुती आहे का याची शंका आली तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र कापड बाळाच्या अंगाखाली नकोच.

सगळं कापड आधी धुवा, नवं असेल तर नक्कीच. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते शिवल्यानंतर आटलं तर दुपट्याला सुरकुत्या पडतात. लाल, गडद निळं आणि काळं कापड वेगळं तपासा. वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात कापडाचा तुकडा आणि पांढरी चिंधी अर्धा तास बुडवून ठेवा. चिंधीला रंग लागला तर कापड पुन्हा धुवा. तिसऱ्या वेळेलाही रंग सुटत असेल तर ते कापड बाजूला काढा. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका. आजच्या रंगांच्या बाबतीत तो खात्रीचा उपाय नाही.

कापणं आणि मांडणी

जाड पुठ्ठ्याचा साडेसहा इंचांचा चौकोन कापून घ्या. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पुरेसा मोठा असेल तर उत्तमच. याच्या मापाने ३६ चौकोन कापायचे, सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा. चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, चौकोन सहा इंचांचा उरतो आणि सहा सक छत्तीस. हा पाव इंच सगळीकडे सारखा ठेवणं हेच खरं कौशल्य आहे. एकेका शिवणीत दोरभर फरक पडला तरी सहा चौकोनांअखेर ओळ अर्धा इंच वाकडी येते. म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने पाव इंचावर दुसरी रेघ आखून तीही कापडावर पेन्सिलीने उतरवा आणि त्या रेघेवर शिवा.

चौकोन कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या रेषेत कापा. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला तुकडा ओढला की ताणतो आणि शेवटी दुपट्याची कड लाटेसारखी होते.

मग चौकोन जमिनीवर मांडा. इथे घाई करू नका. रंग जुळतो की नाही याची चिंता नंतर करा, आधी उजळ आणि गडद बघा. एक उजळ, एक गडद अशी साधी मांडणीसुद्धा दुरून उठून दिसते. सगळे मध्यम रंग आले तर कितीही सुंदर कापडं असोत, दुपटं मळकट दिसतं. मांडणीपासून सात-आठ पावलं मागे जा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला तर चुकलेला चौकोन लगेच कळतो. रात्रभर मांडणी तशीच ठेवता आली तर ठेवा. सकाळच्या उजेडात हात आपोआप एखाद-दुसरा चौकोन बदलतो.

जोडणं

आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. हाताने जोडत असाल तर धावदोरा घालताना दर चार-पाच टाक्यांनी एक उलटी टीप मारा, म्हणजे शिवण उसवत नाही. मशीनवर केलंत तरी काही बिघडत नाही. जोडणी मशीनवर आणि वरचा धावदोरा हाताने हा मार्ग मला नवशिक्यांसाठी सर्वात चांगला वाटतो.

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करा. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या परत उजवीकडे. असं केलं की दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींना खेटून बसतात आणि चार कोपरे बरोबर एका बिंदूवर येतात. पावसाळ्यात वीज गेली की थांबायचं कारण नाही. स्टीलच्या वाटीच्या बुडाने शिवण घासली तरी बसते.

पदर घालणं

अस्तर आणि मधले पदर चाळीस इंचांचे कापा, म्हणजे चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त राहतात. अस्तर उलटं करून लादीवर पसरा, कडा चिकटपट्टीने जमिनीला लावा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. त्यावर मधले पदर, प्रत्येक पदर तळहाताने मध्यापासून बाहेर सारत बसवायचा. सर्वात वर जोडलेले चौकोन. सारवलेल्या जमिनीवर चिकटपट्टी धरत नाही, तिथे चार कोपऱ्यांवर भरलेले तांबे ठेवा.

आता पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घाला. मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, चार-चार बोटांच्या अंतरावर आडवे आणि उभे. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बरेच जण ते टाळतात आणि टाचण्या लावतात. आपल्या खाऱ्या हवेत टाचण्या दोन-तीन दिवस कापडात राहिल्या तर गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. कच्चे टाकेच घाला.

धावदोरा

गोधडीचा जीव इथे आहे. वरचे चौकोन साधे असले तरी चालतात, धावदोऱ्याने त्यांना उठाव येतो.

दोरा सुती घ्या, जाडसर. एका वेळी एक हात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. त्याहून लांब दोरा गुंततो आणि कापडातून इतक्या वेळा जातो की शेवटी विरतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या, गाठी कमी पडतात. सुई बारीक पण लांब हवी, म्हणजे एका दमात चार-पाच टाके तिच्यावर घेता येतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. चार पदरांतून सुई बोटाच्या जोरावर ढकलली तर आठवड्याभरात हात थांबतो. सुया तेलाचं बोट लावलेल्या लोकरीच्या तुकड्यात खोचून डबीत ठेवल्या की गंजत नाहीत.

दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारा, वरच्या कापडातून सुई घाला आणि हलकासा झटका द्या. गाठ आत जाऊन मधल्या पदरात अडकते, दोन्ही बाजूंना दिसत नाही. मग सुई वर-खाली डोलवत टाके घ्यायचे. खालचा हात अस्तराखाली ठेवा, सुईचं टोक बोटाला लागलं की ती परत वर वळवा. एका इंचात चार ते सहा टाके पुष्कळ झाले. परदेशी स्पर्धांत दहा-दहा टाके मोजतात, पण ते पातळ भरणावर. चार पदर सुती कापडावर तो हट्ट धरला तर शिवणाऱ्याचा आनंद जातो. टाके लहान असण्यापेक्षा एकसारखे असू देत, आणि दोन टाक्यांमधली जागाही टाक्याएवढीच असू दे.

दोन ओळींत एक इंच अंतर ठेवा. अर्ध्या इंचावर घातलेल्या ओळी जास्त सुंदर दिसतात आणि गोधडी जास्त वर्षं टिकते, पण शिलाई दुप्पट होते. शिवणीच्या अगदी वर टाका घेऊ नका, तिथे कापडाचे थर वाढतात आणि सुई मोडते. शिवणीपासून पाव इंच सोडून चाला. दोरा ओढताना कापड थोडं फुगलं पाहिजे, चुण्या पडता कामा नयेत.

पहिल्या दुपट्यावर मध्यापासून बाहेर शिवा. दुसऱ्या वेळी जुनी गावठी पद्धत करून बघा. तीत वरचे तुकडे आधी जोडतच नाहीत. पदर पसरून कडा आत दुमडायच्या, कडेपासून तुकडे ठेवत, त्यांची टोकं दुमडत, सगळे पदर एकदमच शिवत गोल-गोल आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. मोजमाप नाही, पुठ्ठा नाही, तुकडा असेल त्या आकाराचा. गोव्याच्या पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका याच रीतीने कवंदी शिवतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा हा समाज, आणि त्यांच्या गोधडीतला रंगांचा धीटपणा बघून आपण किती बिचकत रंग निवडतो ते कळतं.

गोट

बाहेर आलेले जादा पदर चौकोनांच्या कडेला सरळ कापा. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या जोडून १६० इंचांची एक पट्टी करा, उभी घडी घाला, पुढच्या बाजूने पाव इंचावर शिवा आणि मागे वळवून हाताने बारीक टाक्यांनी बसवा. कड सरळ असेल तर सरळ कापलेली पट्टी चालते, उरेब पट्टी फक्त गोलाईला लागते. कोपऱ्यात पट्टी आधी वर, मग खाली दुमडली की तिरकी घडी पडते. साडीचा काठ गोटाला वापरला तर फारच छान, मात्र जरीचा काठ बाळाच्या गालाला टोचतो.

शेवटी अस्तराच्या एका कोपऱ्यात नाव, गाव आणि वर्ष दोऱ्याने शिवा. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. आपल्या आज्या-पणज्यांच्या कितीतरी गोधड्या आज कोणी शिवल्या ते सांगता येत नाही.

धुताना रिठे किंवा सौम्य साबण वापरा आणि पिळू नका. वाळत घालताना गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, पसरू नका, चिऱ्याची लाल माती पांढऱ्या कापडात बसते. पावसाळ्याआधी दोन ऊन देऊन, पूर्ण थंड झाल्यावर सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत घालून सोबत ठेवले की कसर लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर कापड फाटतं.

बघायला कुठे जायचं

जवळची सुरुवात बचतगटांच्या विक्री-प्रदर्शनांपासून करा. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी ती भरतात. लोणची-कोकमांच्या टेबलांमध्ये एखाद्या टेबलावर चार गोधड्या घडी घालून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यामागे शिवणारी बाई स्वतः बसलेली असते. मोठ्या प्रदर्शनात ही संधी फारशी मिळत नाही. तिला विचारा: पदर किती, दोरा कोणता, कडेपासून शिवलं की मध्यापासून?

मुंबईत दरवर्षी भरणारं महालक्ष्मी सरस याच जातीचं पण पुष्कळ मोठं, तिथे महाराष्ट्राच्या सगळ्या भागांतले आणि इतर राज्यांतलेही गट येतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो, तो १९९९ पासून चालू आहे. कोकणकन्येने रात्री निघालात तर पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता. तिथून काळा घोडा चालत जाण्याजोगा आहे, आणि शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांचं दालन आहे, ते गर्दी वाढण्याआधी बघून घ्या. परतीच्या गाडीआधी मंगळदास मार्केटमध्ये सुती कापड घेता येतं. रविवारी तो बाजार बंद असतो, दिवस त्याप्रमाणे ठरवा.

फक्त क्विल्टना वाहिलेलं मोठं प्रदर्शन बघायचं असेल तर २०१९ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या इंडिया क्विल्ट फेस्टिव्हलच्या तारखांवर लक्ष ठेवा. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी भेटीचा महिना ठरवताना इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा ऑगस्टमधला आणि अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा शरद ऋतूतला महोत्सव ध्यानात घ्यावा. जाणं जमणार नसेल तर अलाबामातल्या जीज बेंड या गावातल्या क्विल्टची छायाचित्रं जरूर शोधा. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वंशजांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून त्या शिवल्या, २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या. विरलेल्या जीनच्या गुडघ्यांचे ते तुकडे बघताना आपल्या वाकळींची फार आठवण येते.

बघायचं कसं

आधी दुरून, दहा-बारा फुटांवरून. नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि मग कुठे सरकते ते स्वतःशी नोंदवा. मग जवळ जाऊन कडा बघा: कड सरळ लोंबते की वळते, गोट आतून भरलेला आहे की पोकळ, कोपरे काटकोनात आहेत का. परीक्षकही याच गोष्टी बघतात. त्यानंतर धावदोऱ्याच्या रेषा, त्या चौकोनांना धरून चालतात की त्यांना छेदून जातात. सर्वात शेवटी मागची बाजू. मोठ्या प्रदर्शनात क्विल्टला हात लावायचा नसतो, पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक विचारल्यावर ती उलटून दाखवतात. तेवढं विचारायला अजिबात लाजू नका. शिवणाऱ्याचा हात अस्तरावर उघडा पडतो, तिथे रंगांची मदत नसते.

सगळ्या गोधड्या बघायच्या भानगडीत पडू नका. एक फेरी पटकन मारा, पाच निवडा आणि त्या पाचांपाशी थांबा. वहीत रेखाटन करा, फोटो विचारूनच काढा, आणि दुसऱ्याची मांडणी आवडली तर ती तशीच उचलून विकायला काढू नका.

विकत घेणार असाल तर एक गोष्ट तपासा. बाजारात तुकड्यांचं नुसतं चित्र छापलेल्या चादरी मशीनवर शिवून गोधडी म्हणून विकतात. दोन रंगांच्या सीमेवरून बोट फिरवा, शिवणीचा उंचवटा लागला पाहिजे. हाताने शिवलेल्या खऱ्या गोधडीच्या किमतीत घासाघीस करू नका. दुपट्याला किती संध्याकाळी लागल्या ते आता तुम्हाला ठाऊक आहे, त्याला चाराने गुणा आणि मग पैसे काढा.

आपल्याच वाडीत प्रदर्शन

एवढं शिवून आणि बघून झालं की वाडीतल्या पेटाऱ्यांमध्ये काय आहे ते बाहेर काढा. गणपतीत चाकरमानी घरी असतात पण पाऊस असतो, तेव्हा देवळाचा सभामंडप किंवा शाळेची खोली विचारून घ्यावी लागते. मे महिना जास्त बरा. चाकरमानी आंब्यांसाठी आलेलेच असतात आणि मांडव घातलेलं खळं मोकळं असतं. उघड्या उन्हात मात्र टांगू नका, एका दिवसात रंग उडू लागतो.

आडवे बांबू माणसाच्या डोक्याच्या थोडे वर बांधा आणि त्यांना जुनी चादर गुंडाळा, म्हणजे कुसळं आणि डाग लागणार नाहीत. नव्या गोधड्यांच्या मागे वरच्या कडेला चार इंचांची कापडी नळी शिवून तीतून काठी घाला; कोपऱ्यांना चिमटे लावून टांगलेली गोधडी मध्ये लोंबते आणि कड ताणते. जुन्या विरलेल्या गोधड्यांना सुई लावू नका, त्या बांबूवर अर्ध्या घालून ठेवा किंवा बाजेवर पसरा. बाजूला एक साधी गोधडी आणि सुईदोरा ठेवा, जिच्यावर येणाऱ्या प्रत्येकाने चार टाके घालावेत. पोरं आणि पुरुषही बसतात.

प्रत्येक गोधडीजवळ चिठ्ठी हवी: कोणी शिवली, कुठल्या घरातली, साधारण कधी, कोणाकोणाच्या साड्या आणि धोतरं तीत आहेत. ही माहिती घ्यायला आधीच्या आठवड्यात घरोघर जा आणि म्हाताऱ्या माणसांना गोधडी हातात देऊन विचारा. तुकड्यावर बोट ठेवून ती माणसं सांगू लागतात. नाव लावायचं की नाही हे त्या घराला विचारून ठरवा. आणि गोधडी ताब्यात घेतानाच तिच्या कोपऱ्याला घरधन्याच्या नावाची कापडी पट्टी दोन टाक्यांनी अडकवा, वहीत नोंद करा. संध्याकाळची खारी हवा सुटायच्या आत सगळ्या उतरवून, त्याच वहीवर सही घेऊन, ज्याच्या त्याच्या घरी पोचवा.